आकडा काय सांगत नाही

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत हल्ली टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा सांगणारं, पेन बाळगणारे एक तरी काका असतात. टँकर आला की ते खाली उतरतात, बादलीत पेन बुडवतात, आकडा मोठ्याने वाचतात आणि टँकरवाल्याकडे अशा नजरेने बघतात की जणू त्याने पाणी नाही, ॲसिड भरून आणलंय. मोजून बघावंसं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे, त्यामुळे काकांशी माझं भांडण नाही. तक्रार एवढीच, की आकडा वाचून झाला की काकांचं कुतूहल संपतं.

मी सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. या काकांची नातवंडं माझ्या वर्गात बसतात, टँकरवाल्यांची पोरंही बसतात. २०२५च्या जानेवारीत आमच्याच भागात हातपाय लुळे पाडणाऱ्या गुइलेन बारे सिंड्रोमचे, म्हणजे पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या ‘जीबीएस’चे रुग्ण सापडायला लागले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही बातम्यांत रोज येणारी नावं आमच्या हजेरीपटावरचे पत्ते होते. पुढे रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. संशय पाण्यावर आला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणूचं नाव रिक्षावाल्यांनाही पाठ झालं.

त्या दिवसांत वर्गात शिरलं की पुस्तक उघडायच्या आधीच प्रश्न यायचे. ‘बाई, आमच्याकडे आरओ आहे, आम्हाला नाही ना होणार?’ ‘आमच्या घरी चिकन बंद केलंय.’ ‘आमच्या पाण्याचा टीडीएस चाळीसच आहे, बाबा म्हणाले काळजी नाही.’ आणि मागच्या बाकावरून, जरा वेळाने, ‘पोटातला जंतू, मग पाय का लुळे पडतात?’

हा शेवटचा प्रश्न इतका नेमका होता की त्या दिवशी मी आमच्या भिंतीवरच्या डिजिटल पॅनलला मनापासून धन्यवाद दिले. एरवी माझं त्याच्याशी फारसं जमत नाही. ज्यांनी तो बसवला त्यांनी सोबत धड्यागणिक ॲनिमेशन दिलंय. हृदय गरगर फिरतं, रक्त लाल-निळं धावतं, पोरं ‘भारी!’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी कप्पे किती विचारलं की छताकडे बघतात. पण प्रतिपिंडं जंतूवर चिकटतात कशी, हे खडूने दाखवणं अवघड, आणि ते पॅनलवर छान दिसलं. या जिवाणूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या चेतातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूविरुद्ध हत्यारं बनवतं, आणि काही थोड्या लोकांत ती हत्यारं आपल्याच चेतातंतूंवर चालतात. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९१६ साली पहिल्या महायुद्धातल्या दोन सैनिकांमध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं, हे सांगितल्यावर एकीने विचारलं, ‘म्हणजे तेव्हा धायरी नव्हती तरी होता?’ होता. धायरीतल्या साथीच्या कितीतरी आधीपासून होता.

पॅनलचं काम तिथे संपलं. आरओ, चिकन आणि चाळीस हे प्रश्न तसेच राहिले होते, आणि त्यांची उत्तरं कुठल्याही व्हिडिओत नव्हती, कारण ते प्रश्न त्यांच्या घरातल्या नळाचे होते.

म्हणून काकांचंच पेन वर्गात आणलं. नळाचं पाणी, बोअरचं पाणी, आरओचं पाणी असे तीन ग्लास. धरणाचं पाणी शंभराच्या आत, बोअरचं सहाशेच्या घरात, आरओचं तीसच्या आसपास. इथपर्यंत सगळ्यांना अपेक्षित तेच आलं. मग मैदानावरून खेळून आलेल्या एकाला आरओच्या ग्लासात हात घालून ढवळायला सांगितलं. पाणी गढूळ झालं. पेन बुडवलं. आकडा दोन-तीनने हलला. वर्गात एकदम कुजबूज सुरू झाली. ‘बाई, पेन बिघडलंय.’ पेन ठणठणीत होतं. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच बघतं, आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज करतं. मातीचे कण विरघळत नाहीत, जंतूही विरघळत नाहीत. जंतूंबद्दल या पेनला काहीही म्हणायचं नसतं.

त्याहून मोठा धक्का पाणी उकळल्यावर बसला. नळाचं पाणी खळखळून उकळलं, निववलं, मोजलं. आकडा जवळपास होता तिथेच. म्हणजे या आजारात जो उपाय सगळ्यात स्वस्त, सगळ्यात खात्रीचा आणि आजीला माहीत असलेला, तो केल्यावर यंत्र म्हणतं की काहीच झालं नाही. पाणी मात्र आता पिण्याजोगं. एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘टीडीएस पेन उकळलेलं पाणी ओळखत नाही.’ परीक्षेत या वाक्याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे हे मला अजून कळलेलं नाही.

मग क्लोरीन. गावाकडे पाणीपुरवठा बघितलेल्या कुणालाही टीसीएल पावडर आणि ओटी टेस्ट हे दोन शब्द माहीत असतात. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ती पाण्यात टाकायची, आणि शेवटच्या नळाला क्लोरीन पोचलंय का हे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून बघायचं. पिवळं झालं की पोचलं. नळापाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असा आपल्याकडचा दंडक आहे. हे रसायन त्वचेला लागू देण्यासारखं नाही, त्यामुळे थेंब टाकायचं काम हातमोजे घालून मीच केलं. पोरांचं काम रंग वाचायचं.

आणि रंग वाचायला फोन. किटसोबत रंगांची पट्टी येते, पण ‘हा फिकट का तो फिकट’ यावर दोन बाकांमध्ये मारामारी व्हायची वेळ आली. तेव्हा फोटोतल्या एखाद्या ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा हे आकडे दाखवणारं एक साधं फुकट ॲप घेतलं. पोरं पिवळ्याचा आकडा शोधायला लागली. पिवळ्याचा आकडाच नाही! फोनला पिवळा माहीत नसतो, त्याला तीनच रंग माहीत. पिवळं पाणी निळा प्रकाश खातं, म्हणून क्लोरीन जितकं जास्त तितका निळ्याचा आकडा खाली. वाढ शोधायची होती ती घट शोधून सापडली. प्रकाशाचं शोषण हा धडा मी बरीच वर्षं शिकवते आहे, पण तो असा हाताला लागलेला पहिल्यांदा पाहिला.

पुढची कटकट फोनच्या हुशारीची. खिडकीशी काढलेल्या फोटोत एक आकडा, ट्यूबखाली काढलेल्या फोटोत दुसरा, आणि एकाच जागी दोन फोन घेऊन उभं राहिलं तर तिसरं-चौथंच. फोन आपल्या मनाने फोटो ‘सुंदर’ करत असतो, पांढरं अधिक पांढरं करतो. चपलेच्या खोक्याला आतून पांढरा कागद लावला, वरून फोनच्या आकाराचं भोक पाडलं, उजेडाला एकच छोटा दिवा, फोटो एकाच फोनने. आधी किटच्या पट्टीवरच्या प्रत्येक रंगाचा त्याच खोक्यात फोटो घेऊन आलेख काढला, मग बाटल्यांचं पाणी त्या आलेखावर बसवलं. या सगळ्यात तीन तास गेले. शिकवायचा होता एक तास. मला त्या दोन जादा तासांचं जराही वाईट वाटत नाही, कारण यंत्राने दिलेला आकडा आपण घडवलेल्या परिस्थितीत तयार होतो, हे त्या खोक्याइतकं मला कुठल्याही भाषणातून सांगता आलं नसतं.

घरून आणलेल्या बाटल्यांवर नावं लिहू द्यायची नाहीत, हा आमच्या मोठ्या बाईंचा निर्णय. आधी मला तो उगाच सरकारी वाटला. मग लक्षात आलं की वर्गात एकाचे वडील टँकर चालवतात, दोघी-तिघी अशा चाळीत राहतात जिथे पाणी विहिरीवरून येतं. ‘अमक्याच्या घरचं पाणी पिवळं झालं नाही’ ही बातमी मधल्या सुट्टीत कुठे जाऊन पोचेल याचा विचार विज्ञानाच्या पुस्तकात नसतो. बाटल्यांवर नुसते क्रमांक टाकले, कुणाचा क्रमांक कुठला हे ज्याचं त्याला ठाऊक. समाजातला खरा प्रश्न वर्गात आणायचा म्हणजे तो कुणाच्या तरी घरातून आणायचा असतो.

निकाल? काही बाटल्या पिवळ्या, काही जेमतेम, काही पांढऱ्याशुभ्र. त्या पांढऱ्याशुभ्रांमध्ये एक आवाज आला, ‘बाई, माझी बाटली आरओची आहे. म्हणजे आमचंच पाणी सगळ्यात वाईट?’ वर्ग हसला, आणि मग हळूहळू हसू थांबलं. आरओच्या मशीनमधला कार्बन क्लोरीन काढून घेतो. मशीनमधून पाणी निघतं तेव्हा ते स्वच्छ असेल, पण त्याच्या अंगावर राखणदार नसतो. तेच पाणी स्टीलच्या टाकीत दोन दिवस ठेवलं, न धुतलेल्या हाताने तांब्या बुडवला, तर पुढे त्याला वाचवणारं काही नाही. क्लोरीनचा आकडा पाणी शुद्ध आहे का हे सांगत नाही, पुढे बिघडलं तर लढायला कुणी आहे का एवढंच सांगतो. आणि विहिरीचं पाणी पांढरं राहिलं त्याचा अर्थ वेगळा, आरओचं पांढरं राहिलं त्याचा वेगळा. रंग एकच.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्थातच गडबड झाली. शाळेने पालिकेची कामं करू नयेत, मुलांना घाबरवू नये, सिलॅबस कधी संपवणार, वगैरे. एका बापाने मात्र सरळ विचारलं की ती थेंबांची बाटली कुठे मिळते. या भागातली बरीच गावं २०२१ साली महापालिकेत आली. खडकवासल्याचं धरण यांच्या डोळ्यांसमोर आहे, सकाळी भिंतीवर फिरायला जातात, आणि प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघतात. हे पोरांनी विचारलं तर त्याला राजकारण म्हणायचं असेल तर म्हणावं. मी उत्तर देत नाही, नकाशा उघडते.

हे काही आजचं खूळ नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांत १९७२ साली सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम हाताने करून बघण्यावर आणि आजूबाजूच्या शेता-ओढ्यांवरच उभा होता. २००२ साली तो सरकारने बंद केला. आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी स्ट्रॉ, काड्यापेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबमधून जे उभं केलं ते जगभरची मुलं बघतात. आता काड्यापेटीच्या जोडीला फोन आला एवढंच. फोनमध्ये प्रवेग, चुंबकत्व, आवाज, उजेड मोजायचे सेन्सर आधीच बसवलेले आहेत, त्यांचे पैसे पालकांनी रील बघण्यासाठी का होईना मोजलेले आहेत, आणि जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं फायफॉक्स ॲप ते सेन्सर फुकटात उघडून देतं. संगणकावरच्या आभासी प्रयोगांसाठी ‘फेट’ (PhET) या संकेतस्थळाची सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, ती मी विद्युत परिपथाला वापरते, उत्तम आहेत. पण सिम्युलेशनमधली तार कधी सैल होत नाही.

आवाजाचं प्रकरण गणपतीत झालं. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीचा आवाज सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी कित्येक वर्षं मोजत आले आहेत आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो छापून येतो. आमच्या वर्गातला एक मुलगा ताशा वाजवतो. नदीकाठी सराव चालतो तिथे तो फोन घेऊन गेला. त्याला शेजारच्या पथकापेक्षा आपला आकडा मोठा आणायचा होता, हे उघड होतं. परत आला तो वैतागून. ‘बाई, एक ताशा वाजला तर नव्वद, सगळे वाजले तरी नव्वदच्या आसपासच. असं कसं?’ यात दोन गोष्टी होत्या. एक, डेसिबल अशी बेरीज करत नाही. सारखे दोन आवाज एकत्र आले की आकडा फक्त तीनने वाढतो, दहाने वाढायला दहा ताशे लागतात. दोन, फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, फार मोठ्या आवाजाला तो हात टेकतो आणि तिथेच अडून बसतो. पथकात पन्नास ताशे आणि त्यावर ढोल होते, त्यामुळे नव्वद हा आवाजाचा आकडा नव्हता, फोनच्या सहनशक्तीचा होता. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘बाई, ४५ मध्ये तर आमची आई हाक पण मारत नाही.’ मी त्याला ताशा सोड म्हटलं नाही. कानात घालायला बोळे आणले का, एवढं विचारलं.

हवेचं मोजणं आमचं फसलं म्हणता येणार नाही, पण त्यात रमले नाही. स्वस्त सेन्सर धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी आमची शाळा दिल्ली झाली. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या ‘सफर’ या हवा मोजणाऱ्या यंत्रणेचे आकडे शेजारी ठेवून आम्ही ते समजून घेतलं आणि पुढे गेलो.

खरी गुंतले ते पुरात. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. क्युसेक हा शब्द पोरं पावसाळाभर ऐकतात, त्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. गुणाकार फळ्यावर केला तर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर आले. टँकरवाल्याच्या पोराने क्षणात सांगितलं, ‘दहा हजारी शंभर गाड्या.’ सेकंदाला शंभर गाड्या. त्यानंतर वर्गात कुणी ‘पाणी सोडलं’ असं सहज म्हणालं नाही.

मग नकाशावर पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. ‘म्हणजे एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षं निवांत’, हे सगळ्यांचं मत, आणि खरं सांगायचं तर शिक्षकखोलीतही तेच मत होतं. कंप्युटर लॅबमध्ये प्रत्येकाला एक्सेलची पाटी दिली. तीस ओळी म्हणजे तीस वर्षं. प्रत्येक ओळीत संगणकाने १ ते २५ मधला कुठलाही आकडा टाकायचा, १ आला की पूर. कुणाच्या तीस वर्षांत एकही नाही, कुणाच्या तीन, आणि एकीला लागोपाठ दोन वर्षं पूर आला तर ती म्हणाली फाइल खराब आहे. नवी दिली. त्यात पहिल्याच वर्षी आला. साधारण तीनातल्या दोघांना एकदा तरी पुराने गाठलं. हिशेबाने ते ७० टक्के येतं. दरवर्षी ४ टक्के ऐकायला किती किरकोळ वाटतं! घराचं कर्ज फिटेपर्यंत त्याचे सत्तर होतात.

आजी-आजोबांना १२ जुलै १९६१ विचारून या, असाही अभ्यास दिला होता. पानशेत धरण फुटलं तेव्हा कुणाचं घर नारायण पेठेत होतं, कोण त्यानंतर गोखलेनगरला, सहकारनगरला राहायला गेलं. मात्र तो पूर या रेषांमध्ये मोजायचा नसतो, धरण फुटणं हा वेगळा खेळ आहे, हे समजवायला पुन्हा एक तास लागला. सिलॅबसवाल्या पालकांनी क्षमा करावी.

त्यातल्याच एका मुलाचे वडील पालकसभेला आले ते एक्सेलची फाइल फोनमध्ये घेऊन. नदीच्या बाजूला तळमजल्याचा फ्लॅट भाड्याने बघितला होता, वरच्या मजल्यापेक्षा चार हजारांनी स्वस्त. ‘मॅडम, पोरगा म्हणतो सत्तर टक्के. घेऊ का नको?’ मी म्हटलं, सत्तर तीस वर्षांचे. तुमचा करार अकरा महिन्यांचा, तुम्हाला एकाच पावसाळ्याशी मतलब. ‘म्हणजे चार टक्के? चालतंय की मग.’ यावर त्यांचा मुलगाच मध्ये बोलला. चार टक्के रेषेवरच्या घराला. हे घर रेषेच्या बरंच आत आहे, तिथे त्याहून लहान पूरही पोचणार. मग खरा आकडा किती, हे आमच्या फाइलमध्ये नव्हतं. पोराने सुचवलं की तिथल्या वॉचमनला विचारू, आणि मला वाटतं त्या वर्षात वर्गातून आलेली ही सगळ्यात चांगली सूचना होती.

दोघं विचारून आले. वॉचमन म्हणाला, मी आल्यापासून दोनदा. तो आला कधी, हे विचारायचं मात्र दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. पोराला परत पाठवलंय. टोकन रविवारी द्यायचं आहे.